माहीमच्या बांधावर एक अख्खं माणूस

आमच्या गिरगावात शेतीसुधारणेची एक मंडळी आहे. तिचे सभासद बहुतेक वकील आणि मास्तर. शेत कुणाकडेच नाही. आषाढातल्या सभेत अध्यक्षांनी तळमळीने सांगितले की विलायतेत शेतावरच्या प्रत्येक माणसाचे दिवसाचे काम मोजतात, आणि आपल्याकडे मात्र मजूर किती राबतो आणि किती बसतो हे देवालाच ठाऊक. हे मोजले तर काम वाढेल, काम वाढले तर देश वर येईल. पण मोजायला जाणार कोण? कुणाची कचेरी होती, कुणाला चिखलाने पडसे होत असे.

माझा ऊर भरून आला. मी उठून म्हणाले, "माहीमला माझ्या मावशीचे शेत आहे. मी जाते लावणी बघायला."

सभा गार पडली. घराण्यातली पहिली पदवीधर, आणि तीही मुलगी, भर सभेत लावणी बघायला निघाली! चिटणिसांनी घाईघाईने "म्हणजे भाताची" असे जोडले, तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपले खिशातले घड्याळ दिले आणि सोबतीला आईला दिले. बहिणीला भेटायचे म्हणून तीही खूश होती.

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी सांगते. भायखळ्यापर्यंत ट्रामने जावे, मात्र पुढच्या बाकावर बसू नये. घोड्यांची शेपटी सारखी तोंडावर येते. पुढे बैलांचा रेकला मिळतो, त्याचे भाडे चढण्याआधी ठरवावे. आमच्या आईने चढल्यावर ठरवले.

"बाय, एवढ्यात बैल पण येणार नाय," रेकलेवाला म्हणाला.

"मग बैलांना राहू दे, तू ओढ," आई म्हणाली. तो हसला आणि आईने सांगितलेल्या भाड्यात निघाला.

लालबागला गिरणीचा भोंगा झाला. त्याबरोबर रस्ताभर माणसे धावू लागली. कुणाच्या हातात भाकरीचा तुकडा, कुणाचा पटका अर्धाच बांधलेला. मला वाटले, शेतावरही असा एक भोंगा पाहिजे. मी तसे म्हणालेही. आई म्हणाली, "भात भोंग्याने वाढत नाही गो." परळच्या पुढे गिरण्या विरळ झाल्या, दादरला ताडामाडांच्या वाड्या लागल्या, आणि माहीमच्या अलीकडे चिखलाने रेकल्याचे चाक धरले. तेव्हा उतरून चालावे लागले. या प्रवासाला जुने लुगडे नेसावे.

मावशी विधवा आहे. घरात ती आणि तिची मुलगी काशी, आणि दोन खाचरे. मजुरीला पैसा नाही, म्हणून सगळी लावणी इर्जिकीवर होते. इर्जिक म्हणजे शेजाऱ्यांनी आज आमच्या शेतात राबायचे, आम्ही उद्या त्यांच्या. पैसे नाहीत, फक्त जेवण. त्या वर्षी पहिले खाचर दुसऱ्या दिवशी लावायचे होते. दुसऱ्या खाचराची रोपेही तयार उभी होती, आणि पाणी ओसरायच्या आत तेही लागायला हवे होते. नाहीतर अर्ध्या वर्षाचा भात गेला.

सकाळी मी घड्याळ घेऊन बांधावर उभी राहिले. शेजारचे विठूतात्या आपली सून यमुना हिला घेऊन आले. बाकीच्या घरांतून बायकाच आल्या; त्यांच्या फेडीच्या पाळ्या नंतरच्या होत्या. यमुना कमरेत वाकली ती न्याहारीपर्यंत उठलीच नाही. इतर जणी एक जुडी लावीपर्यंत तिच्या दोन होत. तात्या चिंचेखाली बसले, तंबाखू मळली आणि अधूनमधून "रांग सरळ" म्हणाले. रांग सरळच होती.

संध्याकाळी भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचे कालवण झाल्यावर तात्यांनी मिशा पुसून हिशेब सांगितला. "आमच्या घरची दीड माणसं आली. फेड उद्या."

"दीड कशी?" मी विचारले. "दोघे आलात."

"मी एक. बाईमाणूस अर्धं. वाडवडलांपासून असंच आहे."

म्हणजे मावशीला तात्यांपायी दोन बायका आणि यमुनेपायी एक, अशा तीन पाठवायच्या होत्या. घरात दोघीच. त्यांनी दोन दिवस तात्यांकडे वाकायचे, आणि इकडे स्वतःचे खाचर वाळायचे. मावशी खाली मान घालून भांडी आवरत होती. मला राहवेना.

"तात्या, मी दिवसभर मोजलंय. तुम्ही एकही रोप लावलं नाही."

"मग? लक्ष कोण ठेवत होतं?"

"ते काय काम झालं?"

तात्या ताडकन उठले. "हिला काम दिसत नाय! बरं तर. पुढच्या साली इर्जिकीला घड्याळच बोलवा!"

मावशीचा चेहरा पांढरा पडला. तात्या गेले की आळीतली घरे त्यांच्यामागे जाणार, हे मलाही कळले. पण माझ्या पदवीत यापुढचे काही शिकवलेले नव्हते.

तेवढ्यात आई मधाळ आवाजात म्हणाली, "तात्या, पोरीचं ऐकू नका. लक्ष ठेवणं म्हणजे अख्ख्या माणसाचं काम. जशास तशी फेड करू. लावणीला काशी येईल, ते यमुनेचं अर्धं फिटलं. आणि लक्ष ठेवायला ही आमची बसेल, ते तुमचं एक."

"ही? बाई अख्खं माणूस कसं?"

"बाई कुठली? बी. ए. आहे ती."

तात्या उठले होते ते पुन्हा खाली बसले. नाही म्हणावे, तर लक्ष ठेवण्याला किंमत नाही असे होत होते. दाराआड यमुनेला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांच्या बांधावर इरले पांघरून बसले. इतका अवघड दिवस मी परीक्षेतही काढलेला नाही. समोर बायका वाकलेल्या, शेजारी तात्या मला तंबाखू विचारताहेत. दुपारी शरमेने मी लुगडे खोचले आणि चिखलात पाय घातला.

"ताई, वर चढा!" यमुना ओरडली. "खाली उतरलात की अर्ध्या व्हाल!"

मी वर चढले. "रांग सरळ," असेही एकदा म्हणाले. तिकडे मावशीने आणि आईने राहिलेले खाचर दिवस मावळायच्या आत लावून टाकले.

गिरगावात परतल्यावर मी मंडळीला अहवाल वाचून दाखवला: बाईच्या श्रमाचे मोल दुप्पट करायचे असेल, तर तिला कामावरून उठवून बांधावर बसवावे, हा प्रयोग मी स्वतः केला आहे. सभा गंभीर झाली. चर्चेअंती ठराव झाला की शेतांवर देखरेख वाढवावी. सगळे खुर्च्यांवर ताठ बसून मत देत होते, आणि मला राहून राहून वाटत होते की इथे चिंचेचे झाड तेवढे कमी आहे.

घरी आले तर नाना आणि दोघे भाऊ जेवणाची वाट पाहत ओटीवर बसले होते. स्वयंपाकघरात आई एकटीच वाल सोलत होती. तिची कंबर अजून धरलेली होती.

"काय गो, किती माणसं मोजलीस सभेत?" तिने विचारले.

"वीसेक. सगळी अख्खी."

"आपल्याकडे बघ. जेवायला पाच, कामाला अर्धं."

विद्यापीठाने माझ्याकडून अर्धी फी घेतली नव्हती, हे मी तिला सांगणार होते. पण नुसते टोपले मध्ये ओढले आणि तिच्यासमोर बसून सोलायला लागले.

"हं," आई म्हणाली, "आता एक झालं."