रुख्मिणी बेपत्ता आहे

ती घटना माझ्या मनात आजही ताजी आहे, कारण माणूस ओळखणे हीच पोलिसाची खरी विद्या, हे मला तिने शिकवले. नेमके सांगायचे तर, समोरच्या खुर्चीत बसलेली बाई ओळखायला मला चार दिवस लागले.

मी तेव्हा अंबडला पोलीस निरीक्षक होतो. एके दिवशी सकाळची हजेरी उरकते न उरकते तोच एका बँकेचे शाखाधिकारी टाय लावून ठाण्यात आले. ही बँक मूळची बायकांच्या गटांना छोटी कर्जे देणारी संस्था. तिचा माणूस मोटारसायकलवर गावात यायचा, समाजमंदिरासमोर सतरंजीवर पाच-पाच जणींच्या रांगा बसायच्या आणि कामाला सुरुवात करण्याआधी सगळ्या प्रतिज्ञा म्हणायच्या. पुढे परवाना मिळून तिची रीतसर बँक झाली. काचेचा दरवाजा आला. फीत कापायला तीन पाहुणे आले आणि तिघेही महिलांच्या प्रगतीवर बोलले. महिला बाहेर मांडवात बसल्या होत्या.

शाखाधिकाऱ्यांचा अर्ज चार पानी होता. मुख्य कार्यालयातल्या संगणकाला दोन खात्यांवर एकच चेहरा दिसला होता. गटाच्या कर्जखात्यावर नाव सुमन, राहणार अंबडजवळचे एक गाव. ठेवीच्या खात्यावर नाव रुख्मिणी, आडनाव वेगळे, राहणार बदनापूर तालुका. रुख्मिणीच्या मोबाईलवर फोन केला की एक बाई "राँग नंबर" म्हणून ठेवून देई. सुमनने रुख्मिणीच्या कागदांवर स्वतःचा फोटो चिकटवला, असा बँकेचा संशय होता. ठेव गोठवली होती. शेवटचे वाक्य असे: "सदर रुख्मिणी बेपत्ता असून तिच्या जीविताचे बरेवाईट झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

सुमनला चौकशीला बोलावले. नवराही सोबत आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

"रुख्मिणी कोण?" मी विचारले.

"आमच्या घरात रुख्मिणी एकच, साहेब. माझी सासू."

"बराबर हाय," नवरा म्हणाला. "आई हाय माझी. बँकेची पायरी न्हाई चढली कधी."

मी वहीत सासूचे नाव लिहिले. माझ्या तपासातली ही सर्वांत खालची पायरी.

गटातल्या बाकी चौघींना विचारले. "आमच्यात रुख्मिणी न्हाई," चौघी एका सुरात म्हणाल्या. एक जण वर म्हणाली, "साहेब, विहिरीवरच्या मोटारी चोरणारे सापडून राह्यले न्हाईत, अन् बायकांच्या मागं कामून लागले?"

खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. या बायका कमी बोलत होत्या. म्हणजे त्या कुणाला तरी सांभाळत होत्या.

चौथ्या दिवशी ठाण्यातल्या हवालदारबाईंना घेऊन मी बदनापूर तालुक्यातल्या त्या पत्त्यावर गेलो. अंगणात एक बाई तूर पाखडत होती.

"रुख्मिणी इथेच राहते?"

"रुख्मी? माझी नणंद. अंबडकडं दिली की तिला. वीस वरसं झाली."

"तिथे तर कुणी रुख्मिणी नाही."

"कशी असंल? सासूचंच नाव रुख्मिणी. मंग सुनेला हाका कश्या मारायच्या? लग्नातच ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिहिलं. सुमन."

हवालदारबाई हसू दाबत होत्या. त्यांचे स्वतःचे माहेरचे नाव वेगळे होते. चार दिवसांत त्यांना मी काही विचारलेच नव्हते. अशा आठवणींत नावे बदलण्याची पद्धत आहे, मीही बदलली आहेत. सुमनच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा घडले.

आता जबाब घ्यायचा होता. दुसऱ्या दिवशी नवरा पुन्हा सोबत आला. मी त्याला रेशनकार्डाची झेरॉक्स आणायला पाठवले. तीन प्रती, सगळी पाने. तो गेल्यावर म्हणालो, "बस, रुख्मिणी."

तिने एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाली, "त्याला सांगू नका साहेब."

मुलीला जालन्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सोमवारी पहिल्या वर्षाची फी भरली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. गटाच्या कर्जातून शिलाई मशीन आली होती. शिलाईतून मागे टाकलेले तिने माहेरच्या नावाने ठेवले होते. फी मामा भरतो आहे, असे घरी सांगणार होती.

"आणि फोनवर राँग नंबर?"

"तो बाजूला जेवून राह्यलता."

"मारतो का?"

"न्हाई हो. मानूस बिलकुल वाईट न्हाई. पर पैसा दिसला की त्याला जीप दिसती. सेकंडहँड."

हवालदारबाईंनी जबाब लिहिला: सुमन व रुख्मिणी ही एकच स्त्री असून ती हयात आहे. नवरा झेरॉक्स घेऊन आला तेव्हा सही झाली होती. मी त्याला सांगितले, बँकेचा गैरसमज होता. ते खरेच होते. शनिवारी ठेव मोकळी झाली, सोमवारी फी भरली गेली. पुढच्या दोन वर्षांचे पैसे खात्यात राहिले.

एका माणसाला एकच नाव असते, या गृहीतावर बँक चालते, सरकार चालते आणि मीही नोकरीभर चाललो. गटातल्या त्या पाच जणींना ते कधीच पटले नसते. कागदावरच्या नावाआधी बाईला माहेर विचारावे, एवढे मी पुढच्या प्रत्येक चौकशीत पाळले.

पंधरा दिवसांनी बँकेचे आभाराचे पत्र आले. खाली लिहिले होते, "प्रत माहितीसाठी: १) श्रीमती रुख्मिणी, २) श्रीमती सुमन." पत्ता दोघींचा एकच, सासरचा. मी जीप काढून थेट त्या गावच्या पोस्टात गेलो. पोस्टमन चहा पीत होता.

"दोन्ही पाकिटं सकाळीच तिच्या हातात देली, साहेब," तो म्हणाला. "तिचं टपाल मी घरात दुसऱ्या कुणाला देत न्हाई."

दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. त्याचा जबाब आम्ही घेतला नव्हता.