सगळ्यांचं मन राखणारं तेल

माझ्या भावाला, व्हर्लिनला, नाही म्हणता येत नाही. हा दोष मी तो पाळण्यात असल्यापासून बघते आहे, आणि मी मोठी असल्यामुळे तो घालवायचे सगळे प्रयत्न मीच केले आणि माझेच फसले. चर्चच्या तळघरात जेवण असलं की बाकीचे लोक आवडीचं तेवढं ताटात घेतात. हा मात्र टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक बाईच्या भांड्यातलं चमचा-चमचा वाढून घेतो, किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेलीसुद्धा. का, तर तिला वाईट वाटेल. जन्मभर त्याने गावच्या शाळेची झाडलोट केली, बॉयलर सांभाळला, बर्फ उपसला. तिथून जो मुख्याध्यापक बदलून जाई तो आपला जुना सोफा व्हर्लिनच्या गळ्यात मारून जाई. आज त्याच्या घरात सोफेच सोफे आहेत, चालायला जागा नाही.

अमेरिकेतल्या आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीच म्हणा. आम्ही "बघू" म्हणतो, आणि फारच राग आला तर "हे जरा वेगळंच आहे हं" म्हणतो. पण आम्ही निदान मनातल्या मनात तरी नाही म्हणतो. व्हर्लिनचं मनातही हो असतं. त्याने लग्न केलं नाही. एखादीने विचारलं असतं तर लगेच हो म्हणाला असता, पण कुणी विचारलं नाही.

मग म्हातारपणी, एका अंत्यविधीनंतरच्या कॉफीला, त्याला लव्हॉन भेटली. विधवा, हसरी, पत्त्यांत लबाडी करणारी. ती वर तळ्याकाठच्या गावात राहते, इथून दीड तासावर. तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की हा आपल्या जुन्या बदामी गाडीत बसतो आणि तिच्याकडे जातो. जेवतो, पत्त्यांत हरतो आणि अंधार पडायच्या आत परत येतो. इतका आनंदी मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला बरं वाटायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

यंदा पानगळ सुरू झाली आणि गाडी कुरकुरायला लागली. ती ऑटोमॅटिक, कुणीतरी वापरून विकलेली. गिअर आपोआप बदलताना मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढली आणि पांढऱ्या कागदाला पुसली. लालभडक असायला हवं ते तेल कॉफीसारखं काळं निघालं आणि त्याला जळक्या टोस्टचा वास येत होता.

"तेल बदला," तो म्हणाला. "आणि पट्टीच्या मुठीवर छापलंय तेच घाला. हा गिअरबॉक्स नखरेल आहे, दुसरं तेल त्याला पचत नाही. बसला तर नवा बसवण्यापेक्षा गाडी भंगारात काढलेली परवडेल."

दुसरी गाडी घेण्याची व्हर्लिनची ऐपत नाही, आणि त्या गावाला बस जात नाही. गाडी गेली की रविवार गेले, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

त्यात लव्हॉनचं टेक्सस निघालं. मुलगा तिला कायमचं तिकडे बोलावत होता. तिने व्हर्लिनला विचारलं, "तुला काय वाटतं?" माझ्या भावाने काय उत्तर द्यावं? "टेक्ससमध्ये ऊन छान असतं म्हणतात." हे त्याने माझ्या घरी येऊन मला सांगितलं तेव्हा माझ्या हातात तवा होता. मी तो खाली ठेवला, एवढंच.

शनिवारी सकाळी मी त्याच्या दारच्या वाटेवर आले तर गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारावर चढवलेली, व्हर्लिन गाडीखाली, आणि बाजूला त्याचे दोन मित्र कॉफीचे कप धरून उभे. डेलमर आणि गेलन. यांनी आजवर कुणाच्या गाडीला हात लावला नसेल, पण मत द्यायचं कधी सोडलं नाही.

डेलमरने एक मोठा कॅन आणला होता. "सगळ्या गाड्यांना चालतं हे. कॅनवरच लिहिलंय. घे, तुझ्यासाठी आणलंय."

"कॅनवर काय वाट्टेल ते लिहितात," गेलन म्हणाला. त्याच्याकडे त्याच्या पिकअपसाठी आणून उरलेल्या दोन बाटल्या होत्या, टोपणांवर बोटभर धूळ. "आणि व्हर्लिन, जुन्या गाडीचं तेल कधी सगळं काढू नये. त्या मळावरच तर ती चालते. जरासं काढ आणि वरून माझं घाल."

गाडीखालून आवाज आला, "सगळं निघून गेलं रे आता."

खरंच, परातीत काळं तेल भरलं होतं. व्हर्लिन बाहेर सरकला, त्याने नरसाळं बसवलं आणि डेलमरचा कॅन उचलला. मग गेलनच्या बाटलीकडे बघितलं. त्याचा चेहरा मी ओळखते. जेवणाच्या टेबलाशी असतो तोच.

मी त्याला बाजूला ओढलं. "काय करणार आहेस तू?"

"दोघांचं थोडं थोडं घालतो."

"वेडा आहेस? गाडी आहे ती, हिरवी जेली नाही! पट्टीवर काय छापलंय?"

"ते वाचलं मी. ते तेल मोठ्या गावातल्या दुकानात मिळतं. पण आर्डिस, यांनी एवढं प्रेमाने आणलंय. आता तिसरंच आणून घातलं तर त्यांना काय वाटेल?"

"आणि गाडी बसली तर लव्हॉनला काय वाटेल?"

"तिला टेक्सस आवडेल."

"ती विचारत होती ते कशासाठी, गाढवा? हवापाणी कळावं म्हणून?"

त्याचे कान लाल झाले. कॅन हातात धरून तो उभा होता, आणि मला तो एकदम फार म्हातारा दिसला. मला वाटलं, हा आता ओतणार, आणि मला रडू यायला लागलं.

तो मागे वळला. "डेलमर," तो म्हणाला. आवाज चिरकला. "नाही."

"काय नाही?"

"तुझं तेल नाही घालणार मी. गेलन, तुझंही नाही. आर्डिस मला दुकानात नेते आहे."

डेलमरने गेलनकडे पाहिलं. गेलनने कपात पाहिलं. "हे जरा वेगळंच आहे हं," डेलमर म्हणाला. पण आम्ही परत आलो तेव्हा दोघं तिथेच होते, आणि व्हर्लिनने योग्य तेल ओतलं तेव्हा नरसाळं डेलमरनेच धरलं होतं. नवीन तेल चेरीच्या रसासारखं लाल होतं. गेलन म्हणाला, रंग तर त्याच्याच तेलासारखा आहे.

रविवारी मीही बरोबर गेले. तो म्हणाला, वाटेत बंद पडली तर सोबत हवी. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती, आणि गाडीची नव्हे. गाडी लोण्यासारखी चालली. पहिल्या दोन चढांवर मी दाराची मूठ घट्ट धरून बसले होते, नंतर सोडली.

लव्हॉनने जेवण लावलं, ओव्हनमध्ये थर लावून भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश आणि वर काकडीचं लोणचं. दारापाशी एक उघडी सुटकेस होती. बोलता बोलता ती हळूच म्हणाली, "मी आपली टेक्ससचं तिकीट काढते. सगळ्यांनाच सोयीचं पडेल, नाही का रे व्हर्लिन?"

मी काटा ठेवला. आमच्याकडे अशा वेळी "हो, बघू" म्हणतात.

"नाही," व्हर्लिन म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"मला सोयीचं नाही. मला मुळीच चालणार नाही."

तिचे डोळे भरून आले आणि ती चिडली, "मग आधी सांगायचं ना! अर्धी सुटकेस भरून झाली माझी."

"रिकामी कर," माझा भाऊ म्हणाला.