साल्मनची डोकी

अमेरिकेला निघाले त्या सकाळी दारात गाडी उभी, बॅगा चढलेल्या आणि आईचा पत्ता नाही. बाई मालवणच्या किनाऱ्यावर मासे आणायला गेलेल्या! आली ती बांगड्यांची पिशवी हलवत. "चार घास खा गो आधी. थंय काय खातलंस?" वेळ नव्हता. मी चिडून गाडीत बसले आणि कुडाळ येईपर्यंत रडले.

आता मी अमेरिकेतल्या नोव्हाय गावची. इथे मासे म्हणजे फ्रोझन चौकोनी तुकडे. डोकं नाही, काटा नाही, वास तर नाहीच. बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं. आवडलं तर कायमची राहा, म्हटलं. मनात एकच धास्ती, ही परत गेली आणि तिथं एकटी पडलीबिडली तर? पण आई दिवसभर खिडकीशी. "रस्त्यार माणूस दिसणा नाय गो." रोज तिकिटाची चौकशी.

शेवटी एका शनिवारी दीड तास ड्राइव्ह करून तिला लेक ह्युरॉन या समुद्राएवढ्या सरोवरावर नेलं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतायत. आईनं साडी सावरत ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलीच. "हेका मीठच नाय!" फसवणूक झाल्यासारखा चेहरा. मला हसू आवरेना.

धक्क्यावर पहाटेच्या बोटी परतत होत्या. ट्राउट, साल्मन, हातभर लांब एकेक. मासे साफ करायच्या शेडमध्ये गोरी मंडळी दोन्ही बाजूंचं मांस उतरवत होती आणि डोकी सरळ बादलीत! "डोकी टाकतत मेले!" मी तिला आवरेपर्यंत ती एका म्हाताऱ्यासमोर उभी. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. बोट बादलीकडे, मग स्वतःच्या तोंडाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही तिकडे वाचून खुशाल हसा! त्यानं मात्र हसत दोन डोकी पिशवीत घालून दिली.

घरी तिरफळं घालून डोक्यांचं झणझणीत तिखलं झालं. माझी लेक "ममा, इट स्टिंक्स!" म्हणत वर पळाली. मी ताट चाटूनपुसून साफ केलं. पुढच्या शनिवारी आई म्हाताऱ्यासाठी डबा घेऊन गेली. पहिल्या घासाला तो लालबुंद झाला, घटाघटा पाणी प्यायला आणि मग डबा संपवूनच उठला. तेव्हापासून डोकी आमच्यासाठी बाजूला ठेवलेली असतात.

परवा मालवणहून मावशीचा फोन. घरी कधी येणार, विचारत होती. मी भांडी विसळत कान तिकडेच लावलेले.

"बघूया गो," आई म्हणाली. "पण शनिवारी फोन करू नको. आमच्या धक्क्यार बोटी येतत."

आमच्या! इथं घर घेतलं, लेक वाढवली, तरी मी 'आमच्याकडे' म्हणते ते अजून मालवणलाच. हिला एक उन्हाळा पुरला. हेवा वाटला, खरंच सांगते. पण हात पुसत तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा कळलं, आई आता जात नाही. मग 'आमच्याकडे' म्हणून मला तरी आता कुठे जायचंय?