दुसऱ्यांची मुलं, आपली मुलं

मंडळी, आज कँटीनमध्ये माझाच मुद्दा माझ्यावर उलटला.

इथे सिंगापूरला, सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये माझ्यासोबत एक अमेरिकन इंजिनिअर आहे, पक्का रिपब्लिकन. त्याचा मुलगा अमेरिकी सैन्यात, इराकमध्ये आहे. "मित्रदेशांनी आपापलं रक्षण करावं. दरवेळी आमचीच मुलं का?" हे त्याचं नेहमीचं. मी आजही वाद घातला, "करार केलेत, तर पाळा."

त्याने शांतपणे विचारलं, "तुझा मुलगा पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी आहे ना? मग अठराव्या वर्षी इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेत जाईल?"

"त्याला त्याआधीच पुण्याला पाठवतोय," मी म्हणालो.

तो उठला आणि रोजच्यासारखी दोघांसाठी कॉफी घेऊन आला.

घरी बायको मुलाच्या तिकिटाचं विचारतेय. ज्यांची मुलं अठराची होताहेत त्यांनी खरं सांगा, तुम्ही काय ठरवलंय?