जेटीवरचा हिरवा उजेड

स्क्रीनवरची होडी मोठी होत चालली होती आणि कर्नलसाहेब माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, तुमचं यंत्र चालत नाहीये."

यंत्र चालत होतं. पॅनेलवर एकही फॉल्ट नव्हता. हिरवा किरण होडीवर नेमका पडत होता, कॅमेऱ्यात पुढच्या माणसाचा चेहरासुद्धा हिरवा दिसत होता. फक्त होडी वळत नव्हती. उलट तिने वेग वाढवला होता आणि ती सरळ जेटीवर येत होती.

ही जेटी तारापूरच्या बाजूला, एका खासगी कारखान्याची. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मी सिक्युरिटी सिस्टिम्सची इंजिनियर. कॅमेरे, सेन्सर, कुंपणावरचे अलार्म बसवायचे आणि ते बिघडले की शिव्या खायच्या, हे माझं काम. नवरा बोईसरच्या एमआयडीसीत लागला म्हणून मी इकडे आले. माहेर कोल्हापूरचं. समुद्र मला लग्नानंतर कळला, तोही कॅमेऱ्यात मावेल एवढाच.

कर्नलसाहेब म्हणजे कारखान्याचे सिक्युरिटी हेड, सैन्यातून निवृत्त झालेले. माणूस कडक, पण विनाकारण कुणावर ओरडणारा नव्हे. जेटीवर ज्वालाग्राही माल उतरायचा आणि होड्या फार जवळून जायच्या, हे त्यांचं दुखणं. त्यावर औषध म्हणून आमच्या कंपनीने त्यांना डॅझलर विकला.

डॅझलर म्हणजे लांबून डोळे दिपवणारा लेझर. समोरून गाडी हाय बीम मारत आली की आपण कसा हात आडवा धरतो, त्यातलाच प्रकार, फक्त बऱ्याच लांबून. त्याने कुणी मरत नाही, जखमी होत नाही. माणसाला पुढचं दिसेनासं होतं, तो तोंड फिरवतो आणि होडी वळवतो. निदान अपेक्षा तशी असते. प्रेझेंटेशनमध्ये मी एक वाक्य टाकलं होतं: सरळ माणूस वळतो, जो वळत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे. कर्नलसाहेबांना ते फार आवडलं. त्यांनी ते गार्ड लोकांच्या ट्रेनिंगमध्येही घेतलं.

ट्रेनिंगमध्ये तीन पायऱ्या होत्या. आधी लाउडस्पीकरवर इशारा. मग लेझर. तरीही होडी आली तर ती शत्रूची समजायची आणि हत्यारी गार्डना जेटीच्या टोकाला उभं करायचं. आमच्या ट्रायलचा पहिलाच आठवडा होता. लाउडस्पीकरवर हिंदीतून आणि इंग्रजीतून इशारा देऊन झाला होता. वारा उलटा होता, त्यामुळे तो बहुधा आम्हालाच ऐकू आला. जेटीशेजारच्या गावासाठी सूचनेचा बोर्ड लावला होता, पण तो कारखान्याच्या गेटवर. तिथून कुठलीही होडी जात नाही.

संध्याकाळ होती. सूर्य बुडाला होता पण आभाळात अजून उजेड होता. होडी छोटी होती आणि तिच्यात चार माणसं. एकाने कपाळावर आडवा हात धरला होता, दुसरा सुकाणूपाशी मान खाली घालून बसला होता. म्हणजे त्यांचे डोळे दिपत होते. दिपत होते आणि तरी ते येत होते.

कर्नलसाहेबांनी वायरलेसवर गार्डना टोकाला जायला सांगितलं. त्याच वेळी आमचा लेझर आपोआप बंद झाला.

हे समजावून सांगते. जो किरण लांबून नुसता डोळे दिपवतो, तोच जवळून डोळ्याचा पडदा जाळू शकतो. म्हणून यंत्रात समोरच्या होडीचं अंतर सतत मोजणारा रेंजफाइंडर असतो. होडी ठरलेल्या अंतराच्या आत आली की लेझर स्वतःच बंद होतो. तो जबरदस्तीने चालू ठेवायला ओव्हरराइडची किल्ली लागते. हॅंडओव्हर होईपर्यंत ती किल्ली इंजिनियरकडे असते, म्हणजे त्या दिवशी ती माझ्या पर्समध्ये होती.

"किल्ली द्या," कर्नलसाहेब म्हणाले.

मी नाही म्हटलं. एवढ्या जवळून लेझर मारला तर ती माणसं आंधळी होतील, असं सांगितलं.

"आंधळी झालेली बरी की मेलेली? किल्ली नाही दिलीत तर माझ्याकडे आता फक्त बंदुका उरतात."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आजही कबूल आहे. पण मी पर्स छातीशी धरून बसले आणि एवढंच म्हणाले की आंधळ्या माणसाला होडी वळवता येणार नाही, तो येऊन जेटीवर आपटेल. जेटीवर काय उतरतं ते तुम्हाला माहीत आहे. ते वायरलेसवर म्हणाले, मी सांगितल्याशिवाय कुणी गोळी चालवायची नाही. आणि स्वतःच जेटीकडे धावले. मीही त्यांच्या मागे गेले. जायला नको होतं, पण खोलीत बसवेना.

आम्ही टोकाला पोचलो तेव्हा होडी जेटीच्या खांबाला लागत होती. गार्डनी बंदुका रोखल्या होत्या. सुकाणूवरचा माणूस उठून उभा राहिला. पन्नाशीचा असेल, अंगात गंजी, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बंदुका त्याला दिसल्याच नाहीत. डोळे चोळत, आवाजाच्या दिशेने तोंड करून त्याने विचारलं,

"कोन गेलं?"

गार्ड कर्नलसाहेबांकडे बघायला लागले.

"साहेब, कोन गेलं ते सांगा. आय गेली का माजी?"

त्याचं नाव काशिनाथ. जेटीला लागूनच असलेल्या गावातला तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. हे सगळं नंतर कळलं. त्यांच्या गावात घरात कुणी गेलं किंवा अगदी शेवटच्या घटका मोजत असलं, की लोक किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे उजेड दाखवतात. पूर्वी पेट्रोमॅक्स, आता बॅटऱ्या, हाताला लागेल ते. लांबच्या पाण्यात मोबाइलला रेंज नसते आणि छोट्या होड्यांवर वायरलेस नसतो. उजेड दिसला की ज्याला दिसला त्याने यायचं. कुणाच्या घरचं बोलावणं आहे हे किनाऱ्याला लागल्यावर कळतं. समुद्रातून पाहिलं तर आमची जेटी आणि त्यांचा किनारा यांत बोटभर अंतर दिसतं. काशिनाथची आई त्या आठवड्यात आजारी होती. तो जाळं पाण्यात तसंच सोडून आला होता.

कर्नलसाहेबांनी आधी बंदुका खाली करायला लावल्या. मग खिशातून मोबाइल काढला आणि त्याला घरचा नंबर विचारला. काशिनाथला तो धड सांगता येईना, होडीतल्या दुसऱ्याने सांगितला. साहेबांनी स्पीकर चालू करून फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. बायकोने उचलला. तो तिच्याशी बोललाच नाही, आईला दे म्हणाला. थोड्या वेळाने म्हातारीचा खोकला ऐकू आला आणि मग खणखणीत आवाज, एवढ्या लवकर कसा आलास, जाळं काढलंस की नाय.

काशिनाथ जेटीच्या पायरीवर बसून रडला. कर्नलसाहेब फोन हातात धरून तसेच उभे होते. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी तसं पाहिलं नाही.

मी नंतर काशिनाथला विचारलं की आमचा उजेड तर हिरवा होता, तुमचा पांढरा असतो, मग फरक कळला नाही का.

"रंग कोन बगतो, मॅडम?" तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही सगळं नीट केलं. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या धंद्यात चुका झाकायचीच पद्धत जास्त. कर्नलसाहेबांनी इशारा मराठीत रेकॉर्ड करून घेतला. लाउडस्पीकरची जागा बदलली. लेझर आधी लुकलुकेल आणि मगच स्थिर होईल, असं सेटिंग मी केलं. आणि गावच्या देवळासमोर बैठक घेतली. साहेब स्वतः आले, खुर्ची नाकारून सगळ्यांबरोबर पायरीवर बसले. आम्ही सांगितलं की जेटीच्या बाजूने उजेड आला तर तो इशारा आहे. थांबू नका, जवळ येऊ नका, लगेच वळा. पुन्हा असं झालं तर प्रत्येक वेळी बंदुका खाली राहतीलच असं नाही. लोकांनी ऐकून घेतलं. घाबरले होते, त्यामुळे जरा जास्तच नीट ऐकून घेतलं.

काशिनाथची आई बरी होऊन त्या बैठकीला आली होती. बायकांमध्ये पुढे बसली होती. सगळं झाल्यावर तिने विचारलं,

"आनि आमचा उजेड?"

मी म्हटलं, "आजी, तुमचा पांढरा, आमचा हिरवा. तुमचा तुम्ही दाखवा, त्यात काही बदल नाही."

तिने मान हलवली. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, ते मला कळलं नाही. एका गार्डने तेच हिंदीत विचारलं, तेव्हा मी त्यालाही समजावून सांगितलं आणि स्वतःवर खूश होऊन बोईसरला घरी गेले.

पुढे वर्षभर एकही तक्रार आली नाही. होड्या जेटीपासून लांब राहायला लागल्या. आमच्या कंपनीने पालघरच्या एका मोठ्या मीटिंगमध्ये या साइटचं उदाहरण दिलं.

मग एका संध्याकाळी मी सर्व्हिसिंगला जेटीवर गेले होते. लेझर खोलून टेबलावर ठेवला होता, म्हणजे यंत्र बंदच होतं. कॅमेरा चालू होता. स्क्रीनवर एक होडी गावाच्या दिशेने येत होती. अचानक ती थांबल्यासारखी झाली, वळली, आणि आली त्याच्या दुप्पट वेगाने बाहेरच्या समुद्रात निघून गेली.

कर्नलसाहेब हसले. म्हणाले, "बघा मॅडम, आता लेझर लावायचीही गरज नाही."

मलाही बरं वाटलं. आमचा कॅमेरा समुद्राकडे तोंड करून बसवलेला होता. गावचा किनारा त्याच्यात येत नाही.

त्या दिवशी दुपारी काशिनाथची आई गेली होती. गावाने दिवेलागणीपासून किनाऱ्यावर उभं राहून उजेड दाखवला. सगळं गाव होतं, हाती मिळेल ती बॅटरी घेऊन. आम्ही स्क्रीनवर पाहिलेली होडी काशिनाथची होती; ती वळून लांबच्या पाण्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परतली. गावाने सकाळपर्यंत वाट पाहिली. मग थांबता येईना. अग्नी पुतण्याने दिला.

मला हे चार दिवसांनी कळलं. कर्नलसाहेब आणि मी दोघं त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, पोरीला पाणी आणायला सांगितलं. चिडला असता तर सोपं गेलं असतं. शेवटी मीच विषय काढला. म्हटलं, काशिनाथदादा, तो उजेड पांढरा होता.

"आसंल," तो म्हणाला. "मी रंग बगाया थांबलो नाय. तुमीच सांगितलं व्हतं, उजेड दिसला का वळायचं."

परतताना सफाळ्याच्या पुढे कुठेतरी कर्नलसाहेबांना एका कामाला जायचं होतं, ते त्यांनी गाडीतूनच फोन करून रद्द केलं.

मी आमच्या हेड ऑफिसला कळवलं की ही सिस्टिम तिथून काढावी, कुंपण आणि गस्तीची बोट पुरेशी आहे. कर्नलसाहेबांनीही त्याला दुजोरा दिला. हेड ऑफिसमधल्या माणसाला काही उमगेना. तो मला न भेटलेला, चांगला, हुशार मुलगा होता. त्याने फोनवर विचारलं, "का मॅडम? सिस्टिम चालत नाही का?"

"चालते," मी म्हटलं. "उजेड दिसला की होडी वळते."