साडूंची पलटण

भाषेवरून माणसाची पारख करणारे पुष्कळ भेटतात, पण भाषेवरून न्हावी, दातांचा डॉक्टर आणि शेवटी सैन्यातली पलटण निवडणारा माणूस उभ्या खानदेशात एकच असावा, आणि ते नेमके माझे साडू आहेत. रावेरला त्यांच्या केळीच्या बागा आहेत. मी धुळ्याला कॉलेजात शिकवतो. जळगावातल्या एका नावाजलेल्या दंतवैद्याच्या खुर्चीवरून ते ठणकती दाढ घेऊन तसेच उठून आले, कारण डॉक्टर हिंदीत बोलले. "दाढ उपटताना मी ओरडायचं कोणत्या भाषेत?" हा त्यांचा सवाल. मग फैजपूरच्या डॉक्टरांनी, इतके दिवस कुठी होता, म्हणून गावच्या बोलीत झापलं, तेव्हा त्यांनी समाधानानं तोंड उघडलं.

चाळिशी जवळ आल्यावर त्यांनी प्रादेशिक सेनेचा अर्ज भरला. म्हणजे एरवी आपला धंदा सांभाळायचा आणि वर्षातून दोनेक महिने गणवेश चढवायचा. घरात कुणी मनावर घेतलं नाही. पण लेखी परीक्षा, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असं करत करत ते खरोखरच अधिकारी म्हणून निवडले गेले, आणि पलटणीची पसंती कळवायची वेळ आली. जवानांची जी भाषा, ती अधिकाऱ्याला आलीच पाहिजे, असा तिथला रिवाज. तेव्हा हे मराठी पलटणच मागणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. सासऱ्यांनी तर पेढे वाटताना तसं सांगूनही टाकलं. साडूंनी मागितली पंजाबी.

मी कारण विचारलं. आधी म्हणाले, मला पंजाबी येते. येत होती, हे खरं. पण केळी न्यायला येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांकडून शिकलेली, त्यामुळे ताडपत्री, दोरखंड, चहा आणि शिव्या यांपलीकडे तिच्यात फारसे शब्द नव्हते. मी पुन्हा विचारलं. मग पुण्यातल्या वसतिगृहाची गोष्ट निघाली. पहिल्याच दिवशी जेवताना ते 'मले भाजी वाढा' म्हणाले होते.

"तीन वर्षं माझं नाव 'मले' होतं, साडूभाऊ. परक्याच्या भाषेत चुकलं तर लोक शिकवतात. आपल्या भाषेत चुकलं तर नाव ठेवतात."

पहिल्या शिबिरात सामान बांधण्याचा त्यांचा हुकूम ऐकून अख्खी तुकडी हसली म्हणे. एका वयस्कर सुभेदारांनी त्यांना बाजूला घेऊन अदबीनं सांगितलं, की साहेब, हा शब्द आम्ही सासऱ्यासमोर काढत नाही. तेव्हापासून सुभेदार त्यांना रोज सभ्य पंजाबी शिकवू लागले. दोन वर्षांत साडू इतके तयार झाले, की रावेरला आल्यावर बायकोलाही 'हां जी' म्हणू लागले. तिचा जीव मात्र त्या आदरानं टांगणीला लागे.

तिसऱ्या वर्षी सरावासाठी शेजारीच एक मराठी पलटण येऊन उतरली. आडनाव पंजाबात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे चालण्यासारखं, त्यामुळे साडूंनी आपण कुठले याचा पत्ता लागू दिला नाही. एका दुपारी पाण्याच्या टँकरपाशी त्या पलटणीचे चारपाच जण एका हवालदाराची नक्कल करत होते. हवालदार शिरपूरकडचा, बोलणं अहिराणी, साडूंच्या रावेरकडच्या बोलीहून वेगळं. त्याच्या प्रत्येक 'शे'वर, म्हणजे 'आहे'वर, हशा पिकत होता, आणि तोही कसनुसा हसत होता. साडू थोडा वेळ पाहत राहिले. मग सरळ पुढे गेले आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "का भाऊ, घरचे बठ्ठे बरे शे ना?"

पंजाबी पलटणीच्या साहेबाच्या तोंडून हे ऐकून सगळे जागच्या जागी ताठ झाले. हवालदारानं सॅल्यूट ठोकला, आणि हळूच म्हणाला, "साहेब, शे नही. शेतस."

गेल्या महिन्यात धुळ्याला आले असताना साडूंनी हे सांगितलं. त्यानं चूक काढली, याचाच त्यांना कोण आनंद. मला म्हणाले, तुम्ही तर इकडचे, बरोबर होतं ना त्याचं? बरोबर होतं. एकाला 'शे', अनेकांना 'शेतस'; माझी आई असंच बोलायची. ती गेल्यापासून माझ्या घरात अहिराणी कुणी बोललेलं नाही, आणि वर्गात तर मी ती कधीच तोंडातून निसटू दिली नाही. मग साडूंना त्या हवालदाराला निरोप पाठवायचा होता: 'पुढच्या वर्षी पुन्हा भेटू' हे कसं म्हणायचं? मी सांगायला गेलो आणि अडखळलो. शेवटी गावाकडे अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन लावला. कितीतरी वर्षांनी तिच्याशी अहिराणीत बोललो, चाचपडतच. पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, सांगते, पण आधी तू अजून थोडं बोल.