न दिसणाऱ्या रफूचा फोटो

माझी मावशी रफूगार. एकतीस वर्षं तेच काम. चांगल्या रफूची खूण काय, असं विचाराल तर ती सांगेल, गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करतं, उजेडाला धरतं आणि शेवटी "अहो, भोक होतं तरी कुठं?" म्हणतं, ती खूण. या धंद्याची पंचाईतही हीच. काम जितकं उत्तम, तितकं ते कुणाला दिसत नाही. त्यात आता लोक फाटकं टाकून नवं आणतात. दुकानात दिवस दिवस मावशी आणि पंखा, दोघंच. महिनाअखेरीला दुकान शेजारच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात एका संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांच्याकडच्या जुन्या लोकरी कोटांना कसर लागली होती आणि वर्षभराच्या कामासाठी रफूगार हवा होता. अट एकच, वीस तारखेच्या आत कामाचा फोटो पाठवायचा.

मावशीनं मला बोलावलं, कारण आमच्या अख्ख्या घराण्यात कॅमेरा माझ्याकडेच. मी नवशिक्यांच्या वर्गाला दोन रविवार गेलो होतो. तिसऱ्या रविवारी आकडे सुरू झाले आणि मला ताप आला. त्यामुळं मी सगळं 'ऑटो'वर टाकलं, चार फोटो काढले आणि पाठवून दिले. उत्तर आलं, "आपण अखंड कापडाचे फोटो पाठवले आहेत. कृपया रफूचे पाठवावेत."

"ही तक्रार म्हणायची की शाबासकी?" मावशी म्हणाली. मग चष्मा पुसला. "तुझ्यानं नाही व्हायचं ते. आण इकडं तो कॅमेरा."

आठ दिवस उरले होते. मावशी कॅमेरा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेली. मागोमाग मी. स्टुडिओच्या मालकांना सगळे फोटोवालेच म्हणतात. ओळखपत्रांचे फोटो काढून काढून त्यांचा स्वतःचा चेहराही ओळखपत्रावरचा झालाय, सरळ आणि न हसणारा. दुपारी त्यांच्याकडं कुणी नसतं. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी काढून देतो की."

"तुम्ही एकदा द्याल. मला शिकवा."

"बरं. हे लेन्सच्या आतलं भोक बघा, अ‍ॅपर्चर म्हणतात याला. भोक मोठं केलं तर उजेड भरपूर, पण एवढंसंच स्पष्ट येणार, मागचं-पुढचं पुसट. बारीक केलं की सगळं स्पष्ट."

"म्हणजे सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करतो, तसं."

फोटोवाल्यांनी लेन्सवरचे आकडे दाखवले. "आता नीट ऐका हं बाई, इथं सगळे अडतात. आकडा मोठा, तर भोक लहान. सोळावर बारीक, साडेपाचवर मोठं."

"त्यात काय अडायचं? सुईचं तेच. बारा नंबरची सुई पाच नंबरीपेक्षा बारीक."

फोटोवाल्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "तीस वर्षं मी हे लोकांना समजावतोय," ते म्हणाले, "कुणी मला सुई नाही सांगितली!"

मी भिंतीकडं बघत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र मावशी भडकली. तिनं रफू केलेल्या काळ्या कापडाचा फोटो राखाडी आला होता. "एकतीस वर्षं मी काळ्याला काळा दोरा जुळवतेय, आणि हे यंत्र मला राखाडी दाखवतंय?"

"त्याचा स्वभावच तसा," फोटोवाले म्हणाले. "त्याला सगळं जग मध्यम उजेडाचं वाटतं. काळं दिसलं की उजेड कमी पडला म्हणून वाढवतं. आपण सांगायचं, बाबा रे, हे काळंच आहे. हे बटण दाबा, दोन घरं खाली. पुन्हा काढा."

तिसऱ्या दिवशी ती इतकी जवळ गेली की कापडावर तिच्याच डोक्याची सावली पडली. "मागं या," फोटोवाले म्हणाले, "आणि लेन्स लांबवा. फोकल लेंग्थ वाढली की लांबूनही जवळचं दिसतं. पुन्हा काढा."

'पुन्हा काढा' हे त्यांनी त्या आठवड्यात किती वेळा म्हटलं, याची गणती नाही. आवाज एकदाही चढला नाही.

पाचव्या दिवशी फोटो अगदी हवा तसा आला. धागा न् धागा स्पष्ट, काळं ते काळं. आणि रफू? कुठंच नाही.

फोटोवाल्यांनी दिवा बाजूला नेऊन आडवा उजेड टाकला. रफू जराशी उठून दिसली.

"नको," मावशी म्हणाली. "माझं काम वाईट दिसेल तेव्हाच ते दिसणार असेल, तर नको मला तो फोटो."

फोटोवाल्यांनी दिवा परत जागेवर नेला. मावशीची नजर खुंटीवर गेली. तिथं गिऱ्हाइकांना चढवायचा काळा कोट लटकला होता. पुढून साहेबाचा, कोपरांना भोकं. फोटोत छातीपर्यंतच येतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

"तो काढा खाली," ती म्हणाली. "निम्मंच भोक भरते."

कोटाच्या आतल्या शिवणीतून तिनं त्याचेच धागे काढले आणि दोन दिवस बसून कोपराचं अर्धं भोक विणलं. एका बाजूला कापड होतं तसं, दुसऱ्या बाजूला भगदाड, आणि मध्ये धाग्यासकट सुई धरलेला तिचा हात. सगळं स्पष्ट हवं म्हणून सोळा. सोळावर उजेड कमी, म्हणून शटर पूर्ण एक सेकंद उघडं. कॅमेरा तिपाईवर, टायमर लावलेला.

"एक सेकंद हात हलता कामा नये," फोटोवाले काळजीनं म्हणाले. "भल्याभल्यांचा हलतो."

"श्वास रोखला तर हलतो," मावशी म्हणाली. "सोडायचा, आणि पुढचा घ्यायच्या आत टाका घालायचा."

कॅमेरा वाजला. फोटोवाल्यांनी पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, सुईच्या टोकापर्यंत नेला. या खेपेला त्यांनी 'पुन्हा काढा' म्हटलं नाही. त्याच दुपारी फोटो गेला, आणि संध्याकाळी मावशीनं कोटाची दोन्ही कोपरं पुरी करून तो खुंटीला लावला.

पुढच्याच आठवड्यात उत्तर आलं. वर्षभराचं काम मिळालं होतं. मावशीनं भरदुपारी दुकान बंद केलं आणि पत्र घेऊन तडक स्टुडिओत गेली. आम्हाला ही बातमी इस्त्रीवाल्याकडून कळली, तीही त्यानं 'जागा गेली हो' म्हणून कुरकुर केली तेव्हा.

माझी आई रुसली. "सख्खी बहीण मी, आणि आधी त्या फोटोवाल्याला?"

"तुम्ही आपली माणसं," मावशी म्हणाली. "मी काहीही केलं तरी छानच म्हणाल. त्या माणसानं आठ दिवस मला छान म्हटलं नाही. रोज येऊ दिलं, रोज चूक दाखवली, आणि रोज उद्या या म्हणाला. आता तूच सांग, आधी कुणाकडं जायचं?"

आईनं फोटोवाल्यांचं घर कुठं आहे ते विचारलं, "पेढे तरी मी देऊन येते," म्हणाली आणि पायात चपला घातल्या.